बेताची ओढ

जगात स्वच्छतेइतकी घातक गोष्ट दुसरी नाही, असं विधान मी आमच्या घरात केलं, तर रात्रीच्या जेवणाची सोय मला देवळाजवळच्या खाणावळीत करावी लागेल. म्हणून ते विधान मी इथे, छापील कागदाच्या आडोशाला बसून करतो आहे.

वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. मी अस्वच्छतेचा पुरस्कर्ता नाही. आंघोळ रोज करतो, रविवारीसुद्धा करतो, फक्त ती रविवारी दुपारी करतो. माझं म्हणणं एवढंच की, स्वच्छता करणाऱ्याने जोर किती लावावा, हा प्रश्न नीतिशास्त्रात यायला हवा होता आणि तो आलेला माझ्या तरी पाहण्यात नाही. अर्थात माझं पाहणं ते किती! मी पडलो बी.कॉम. आम्हांला तत्त्वज्ञान नव्हतं. आम्हांला घसारा होता. प्रत्येक वस्तूची किंमत दरवर्षी ठरावीक टक्क्यांनी कमी होत जाते, हे एकच अंतिम सत्य आम्हांला शिकवलं गेलं आणि चाळिशी उलटल्यावर आरशात पाहिलं की ते पटतंही. तेव्हा पुढे जे काही चिंतन येईल ते दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशा काचेच्या पेटीत मावणारं आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

ही पेटी आमच्या पालीच्या बिऱ्हाडात आली ती गप्पी माशांमुळे. गप्पी मासा माहीत नाही असं गाव महाराष्ट्रात सापडायचं नाही. पावसाळा आला की आरोग्य खात्याची माणसं प्लास्टिकच्या पिशवीतून हे मासे घेऊन फिरतात आणि हौदांत, वापरात नसलेल्या विहिरींत सोडतात. डासांच्या अळ्या खाणं हे त्यांचं सरकारी काम. बिनपगारी, बिनरजेचं आणि बढतीची आशा नसलेलं. हा मासा गप्प बसतो म्हणून गप्पी, अशी माझी समजूत होती. तो गप्पा मारतो म्हणून गप्पी, असं सौ.चं मत. खरं म्हणजे त्रिनिदाद बेटावरच्या गप्पी नावाच्या एका साहेबाने तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे धाडला आणि १८६६ साली त्याला साहेबाचं नाव मिळालं. पुढे चौकशीत असं निघालं की, शास्त्राच्या खातेवहीत हा मासा १८५९ सालीच दुसऱ्या नावाने जमा झालेला आहे. एकाच इसमाची दोन खाती! शास्त्रज्ञांनी मागाहूनचं खातं बंद केलं, पण लोकांच्या तोंडी बसलेलं नाव काही सुटलं नाही.

आमच्या मुलीने आरोग्यसेवकाकडून चार गप्पी मागून आणले. त्यांत नर किती, मादी किती, हे पाहण्याची आम्हांला गरज वाटली नाही. ती त्यांनी आपापसांत पाहिली. गप्पीची मादी अंडी घालत नाही, थेट पिलं देते. साधारण चार आठवड्यांनी एकदा, एका खेपेला वीस-तीस. पिलू जन्मतं तेव्हा सहा-सात मिलिमीटर लांबीचं असतं, म्हणजे दोन डोळे आणि एक स्वल्पविराम. आणि आईला भूक लागली तर ती त्यांतली काही पिलं तिथल्या तिथे गट्ट करते. हे पाहून मुलगी रडली, सौ.ने मादीकडे पाहून काय ते शब्द वापरले आणि पिलांसाठी निराळी पेटी घ्यायची असा ठराव एकमताने मंजूर झाला.

पेटी आली. मग प्रश्न आला फिल्टरचा, आणि फिल्टरच्या पाठोपाठ आले आमचे मेव्हणे.

मेव्हणे ठाण्याला असतात. कुठलीही गोष्ट करायची तर ती जोरात करायची, हे त्यांचं ब्रीद. चहा ढवळला तरी बशीत वादळ होतं. भाचीने मासे पाळले आहेत हे कळताच मामा पुढच्याच रविवारी मोटरचा फिल्टर घेऊन हजर. खोक्यावर लिहिलेलं होतं : ताशी पाचशे लिटर. मी बँकेतला माणूस. आकडा दिसला की त्याला भागल्याशिवाय मला राहवत नाही. आमच्या पेटीत पाणी मावतं सुमारे पन्नास लिटर. म्हणजे तासाला दहा वेळा पेटीतलं सगळं पाणी त्या यंत्राच्या पोटातून जाऊन येणार. दर सहा मिनिटांनी एकदा! त्या पाण्यात सहा मिलिमीटरचं पिलू असेल, तर त्याचाही नंबर लागणारच की.

आणि लागतोच. माशांचा नाद असलेल्या कोणालाही विचारा. मोटरच्या फिल्टरच्या तोंडाशी पाण्याची ओढ एवढी असते की नवं पिलू एक तर आत खेचलं जातं, नाही तर जाळीला चिकटून बसतं. जे वाचतं ते दिवसभर नुसतं पोहत राहतं. खाल्लेलं सगळं पोहण्यात खर्च. जमा शून्य, नावे सगळं. असलं पिलू वाढत नाही. पाणी मात्र आरशासारखं दिसतं. पाहुणे येतात, म्हणतात, "वा! काय स्वच्छ टाकी ठेवलीय!" पिलं कुठे आहेत हे पाहुणे विचारत नाहीत, कारण ती होती हे त्यांना माहीतच नसतं.

यावर जाणत्यांचा उपाय फार साधा आहे. त्याला म्हणतात स्पंज फिल्टर. एक स्पंजचा गोळा, त्यात एक नळी आणि बाहेर हवेचा छोटा पंप. पंप नळीत हवा सोडतो, हवेचे बुडबुडे वर चढतात, चढताना नळीतलं पाणी सोबत नेतात, आणि त्या रिकाम्या जागी बाहेरचं पाणी स्पंजमधून झिरपत आत येतं. झालं. ओढ अशी बेताची की सहा मिलिमीटरच्या माणसाने स्पंजला नाक लावून उभं राहावं आणि तरी त्याचं काही बिघडू नये. उलट स्पंजवर जो शेवाळी, बुळबुळीत थर धरतो त्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव टिपून पिलं पोट भरतात. म्हणजे ज्याला आपण घाण म्हणून पुसून काढलं असतं, ते त्यांचं जेवणाचं ताट असतं.

खरी गंमत आहे ती स्पंजच्या पोटात. माशांच्या विष्ठेतून, उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया सुटतो. तो विषारी. स्पंजमध्ये जीवाणूंच्या वस्त्या होतात. त्यांतले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. मग दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते मात्र बऱ्याच अंशी निरुपद्रवी. हे वाचून मला आमच्या शाखेची आठवण झाली. एकाने एन्ट्री मारायची, दुसऱ्याने पास करायची. दोघांपैकी एक जरी रजेवर असला तरी काम तुंबलं. ही वस्ती नीट बसायला चार-सहा आठवडे लागतात. आणि उत्साहाच्या भरात कोणी तो स्पंज नळाखाली धरून खसाखसा धुतला, तर नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने ती वस्ती उठते आणि पाणी पुन्हा विषारी व्हायला लागतं. तो पिळायचा पेटीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात, आणि तोही हलक्या हाताने. स्वच्छता घातक असते ती ही अशी.

हे सगळं मी मेव्हण्यांना समजावून सांगितलं. ते शांतपणे ऐकून घेतील अशी माझी अपेक्षा नव्हती आणि त्यांनी माझा अपेक्षाभंग केला नाही.

"भाऊजी, हे लाड आहेत लाड!" ते म्हणाले. "पिलांना ओढीची सवय नको? उद्या मोठ्या टाकीत काय करतील? मला आठव्या वर्षी आप्पांनी उचलून विहिरीत टाकलं होतं. दोन गटांगळ्या खाल्ल्या आणि पोहायला लागलो! माणूस असाच घडतो."

हा युक्तिवाद तुम्हीही ऐकला असेल. शाळेत ऐकला असेल, क्लासच्या सरांकडून ऐकला असेल, नोकरीच्या पहिल्या दिवशी हेडक्लार्ककडून ऐकला असेल. तो खोडणं कठीण, कारण सांगणारा स्वतः धडधाकट समोर उभा असतो. जो विहिरीतून वर आला नाही तो बिचारा व्याख्यान द्यायला येत नाही. मी निरुत्तर झालो होतो. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज आला, "दादा, पाठीला काय बांधलं होतं ते पण सांग ना!"

मेव्हणे एकदम खोकले. पाठीला सुका भोपळा होता. शिवाय कमरेला दोर होता आणि दोराचं दुसरं टोक काठावर आप्पांच्या हातात होतं. कोकणातल्या पोहणाऱ्या पिढ्यांच्या पिढ्या अशाच, भोपळा नाही तर रिकामा डबा पाठीला बांधून तयार झाल्या. पण चाळीस वर्षांनी गोष्ट सांगताना विहीर आठवते आणि भोपळा गळून पडतो. यशस्वी माणसांच्या आत्मचरित्रांत मला हाच दोष दिसतो. विहिरीचं वर्णन पानभर असतं. भोपळ्याचा उल्लेख अर्पणपत्रिकेतसुद्धा नसतो.

आता कोणी म्हणेल, अहो, निसर्गात कुठे आहेत स्पंज फिल्टर? तिथे तर नदी आहे, पूर आहे. बरोबर. आमच्या पालीजवळूनच अंबा नदी जाते. उन्हाळ्यात अंगण ओलांडावं तशी ओलांडता येते, आणि आषाढात पुलाला पाणी लागलं की अलीकडची एस.टी. अलीकडे आणि पलीकडची पलीकडे. पण तिथले मासे काय करतात पाहा. पहिला मोठा पाऊस पडला की पोटात अंडी घेतलेले मासे लोंढ्याच्या उलट चढतात, ओहोळांतून, शेताच्या बांधांवरून उड्या घेत भातखाचरांतल्या उथळ, संथ पाण्यात येतात आणि तिथे अंडी घालतात. याला आमच्याकडे वलगण म्हणतात, आणि त्या रात्री कंदील, बॅटऱ्या घेऊन निम्मं गाव शेतात असतं, ते मात्र माशांच्या बाळंतपणाला मदत करायला नव्हे. खाली नागोठण्यापलीकडे धरमतरच्या खाडीकडे गेलात तर खारफुटीची मुळं पाण्याचा जोर मोडून ठेवतात आणि त्या मुळांच्या आडोशाला मासळीची, कोलंबीची पिलं वाढतात. म्हणजे लोंढ्याशी झुंजणं हे काम मासे स्वतः करतात, पिलांवर ढकलत नाहीत. प्रवाहाविरुद्ध पोहायचं ते आईबापांनी. पिलांसाठी शोधायचं ते संथ पाणी.

आणि हा धडा पालीच्या माणसाला कोणी वेगळा शिकवण्याची खरं म्हणजे गरज नाही. आमच्या देवाची गोष्टच मुळी ती आहे. कल्याणशेठ नावाचा व्यापारी, म्हणजे साधारण आमच्याच लाइनीतला. त्याचा मुलगा बल्लाळ. हा मुलगा गावातली पोरं जमवून रानात न्यायचा आणि एका धोंड्याला गणपती मानून पूजा मांडायचा. पोरं घरी वेळेवर येईनात. पालक तक्रार घेऊन शेठकडे आले. शेठने रानात जाऊन मांडलेली पूजा मोडली, धोंडा भिरकावून दिला, मुलाला बडवलं आणि झाडाला बांधून ठेवलं. कल्याणशेठ काही दुष्ट नव्हता हो. त्याच्याकडे तक्रारी आल्या होत्या, त्याने टाकी साफ केली. फक्त मोटर जास्त जोराची लावली. पुढे त्या मुलासाठी देव धावून आला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आज अष्टविनायकांतला हा देव भक्ताच्या नावाने ओळखला जातो, आणि तो भक्त म्हणजे मार खाल्लेलं पोर. शेठने भिरकावलेला तो धोंडा म्हणजेच धुंडीविनायक, असं मानतात, आणि आधी त्याचं दर्शन घेऊन मगच बल्लाळेश्वराकडे जायचं, अशी इथली रीत आहे. शिस्तीच्या नावाखाली काय फेकलं गेलं ते आधी पाहा, असा मी तिचा अर्थ लावतो. पुजारी लावत नसतील.

इथवर आलेला वाचक म्हणेल की, हा माणूस काउंटरवर बसून हाच विचार करतो, म्हणून आमची पासबुकं भरून मिळत नाहीत. तसं नाही. पण फिल्टर आमच्याकडेही आहेच. खातं उघडायला आलेल्याने ओळखीचा, पत्त्याचा पुरावा द्यायचा. ते योग्यच आहे. बनावट खात्यांनी लोकांचे पैसे बुडतात, ते पाणी गाळायलाच हवं. पण दिवाळीच्या सुमारास सुधागडच्या वाड्यांवरून एखादी कातकरी बाई येते. ती वीटभट्टीवर निघालेली असते. भट्टीवाल्याकडून मिळालेली उचल घरात राहिली तर घरातच संपणार, म्हणून तिला ती बँकेत ठेवायची असते. आधारकार्ड हरवलेलं, दुसरा कागद नाही. काउंटरवरून उत्तर येतं, "कागद घेऊन या." ती जाते. भट्टीवर जाते. परत येणार पावसाच्या तोंडावर. तोवर उचल संपलेली असते आणि खातं उघडण्याचं कारणही.

वास्तविक रिझर्व्ह बँकेच्या नियमांत या बाईसाठी स्पंज फिल्टर ठेवलेला आहे. त्याचं नाव स्मॉल अकाउंट. फोटो लावायचा, बँकेच्या अधिकाऱ्यासमोर सही नाही तर अंगठा करायचा, खातं उघडलं. मात्र शिल्लक पन्नास हजारांवर जाऊ द्यायची नाही, वर्षाकाठी एक लाखाच्या वर भरणा नाही, महिन्याला दहा हजारांच्या वर उचल नाही. मुदत बारा महिने. तेवढ्यात ओळखपत्रासाठी अर्ज केल्याचं दाखवलं तर आणखी बारा. नियम करणाऱ्याने टाकीत पिलं आहेत हे ओळखलं होतं. पण गर्दीच्या वेळी सोपं काय, तर एकच मोठी मोटर सर्वांना लावायची. ती मोठ्या माशांना अडवतेच असं नाही. मोठा मासा अंग चोरून बाजूने जातो, त्याला सल्लागार असतात. जाळीला चिकटतं ते पिलू.

गेल्या दिवाळीत अशी एक बाई आली आणि तिचं असं खातं उघडायचं ठरलं, तेव्हा आमच्या एका सहकाऱ्यांनी रास्त प्रश्न विचारला. "बारा महिन्यांनी हिच्या कागदांचा पाठपुरावा कोण करणार?"

मृदूपणाची सगळी किंमत या प्रश्नात आहे. स्पंज फिल्टरचंही तेच. तो बेताने ओढतो, म्हणून तळाशी बसलेलं सगळं काही त्याच्याने निघत नाही. ते आपल्याला बारीक नळीने काढावं लागतं, नळीच्या तोंडाला फडकं बांधून. रोज तांब्या-दोन तांबे पाणी बदलावं लागतं, एकदम बादली ओतून चालत नाही. वीज गेली, आणि पालीत ती पावसाचं नाव काढल्यावर जाते, तर उंचावरून तांब्याने पाणी ओतत बसावं लागतं. जोराचा फिल्टर लावला की माणूस मोकळा होतो. हलका लावला की तो बांधला जातो. म्हणून जग जोराच्या बाजूचं आहे. कडकपणा तत्त्वासाठी कमी आणि आपला वेळ वाचावा म्हणून जास्त असतो, अशी माझी शंका आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाही तर मेव्हणे वाचतील आणि पुढच्या रविवारी येतील. फिल्टरच नको म्हणणारे लोक पिलं जास्त लवकर मारतात. आमच्या आईला पिलं रोडावलेली दिसायची. उकडलेल्या अंड्याचा बलक चिमटीभर पुरतो, तिथे ती अर्धा घालायला निघायची. न खाल्लेला बलक कुजतो आणि त्या अमोनियाने आधी लहान जीव जातात. नुसत्या मायेने पाणी गढूळ होतं. आणि पिलं मोठी झाल्यावरही त्यांना त्याच संथ पाण्यात ठेवणं हाही अन्यायच. चाळिशीच्या माणसाने भोपळा बांधून विहिरीत उतरू नये, लोक हसतात.

मग ओढ वाढवायची कधी? मला सापडलेली खूण अशी आहे. पाण्यात पिलू एका जागी थांबू शकतं का ते पाहायचं. ओढ असताना ते शेपटी हलवत जागेवर टिकून राहिलं, आणि वरून पडलेल्या दाण्याकडे आपल्या मर्जीने वळलं, की समजायचं, याला झेपतंय. ते नुसतं वाहवत किंवा नुसतं झगडत असेल, तर पंपाची चावी थोडी फिरवून ओढ कमी करायची. पाणी किती गढूळ आहे यावरून फिल्टरचा जोर ठरवू नये. टाकीतल्या सगळ्यात लहान पिलाला काय झेपतं यावरून ठरवावा. उरलेली घाण मोठ्यांनी हाताने काढावी. एवढंच माझं नीतिशास्त्र. बी.कॉम.च्या मानाने बरं आहे.

त्या बाईंचं खातं उघडलं. बारा महिन्यांनंतरची तारीख मी माझ्या डायरीत लिहून ठेवली आहे. त्याच पानावर पिलांना मोठ्या टाकीत सोडण्याची तारीखही होती. ती येऊन गेली. मोठ्या टाकीला मेव्हण्यांचा फिल्टर लावला. वाया घालवायचा कशाला? गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला.

"काय भाऊजी, आपला फिल्टर चालू आहे ना?"

"चालू आहे. फक्त त्याच्या तोंडाला स्पंजचा एक तुकडा बांधलाय. मागच्या खेपेची चार-दोन पिलं अजून लहानच आहेत."

पलीकडे बराच वेळ शांतता होती. माझी समजूत झाली की रेंज गेली. मग आवाज आला, "म्हणजे भोपळा बांधलात म्हणा की!"